डब्यावर बसलेल्या मॅडम

आमच्या गुऱ्हाळावर एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. तेलाचा असतो तसला, पंधरा लिटरचा. झाकण कधीच गेलंय, एक कड आत दबलीय. मुलगा दर हंगामाला तो भंगारात घालायला काढतो आणि दर हंगामाला मी तो परत आणून भिंतीला लावते. "आई, हाय काय ह्यात?" म्हणतो. आत काहीच नाही. पण त्या डब्यावर एक बाई सलग अडीच तास बसल्या होत्या, आणि त्या बसल्या म्हणून मी थोडीफार माणसात आले.

त्या बाई राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आल्या, तेव्हा मी बेचाळीसची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. बाई मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना मॅडम म्हणायची. मूळच्या सीमेकडच्या. रागावल्या की मराठी, घाबरल्या की कानडी. मी सात-आठ वर्षांनी मोठी म्हणून मला 'अक्का' म्हणायच्या.

सामान उतरवताना मी गॅलरीतून बघत होते. दोन ट्रंका पुस्तकं, एक गादी, एक स्टोव्ह, आणि अकरा खोकी. माझी उत्सुकता मला गप्प बसू देईना. मदतीच्या नावाखाली मी एक खोकं उघडलंच. आत साबणाची वेष्टनं, बिस्किटांचे रिकामे पुडे, काडेपेट्या, चहाचे डबे, टाल्कम पावडरीच्या बाटल्या. प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर एकच वाक्य : 'हे असं का?'

मी खाली येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, "प्राध्यापकीण न्हवं ही, भंगारवाली हाय."

त्यांचं संशोधन चाललं होतं. वस्तू दिसते कशी, ती तशीच का दिसते, आणि धंदेवाले एकमेकांचं बघून काय काय करत सुटतात, असा काहीसा विषय. नऊ वर्षं चाललं होतं. बाजारातून कुठलीही वस्तू आणायच्या ती दोन आणायच्या. एक वापरायला आणि एक बघायला. वापरायची संपायची, बघायची खिडकीत उभी राहायची. स्वतःकडे मात्र पाच साड्या, पाचही राखाडी. मी एकदा लग्नाला जाताना म्हटलं, "मॅडम, आज तरी जरा रंगाचं काही नेसा." तर म्हणाल्या, "अक्का, मोजायला बसलेल्या माणसानं स्वतः चमकायचं नसतं." मी त्या दिवशी मोरपिशी काठाची, जरीची, वर मोत्याचा सर, असा सगळा चित्ररथ अंगावर घालून उभी होते. मला ते आपल्यासाठी बोलल्यासारखं वाटलं नाही. तेवढी अक्कल तेव्हा नव्हती.

राजारामपुरीतल्या दुकानांचा एक नकाशा त्यांनी भिंतीवर लावला होता. एका वर्षात आमच्या गल्लीतल्या दुकानांनी पटापटा काचेची दारं बसवली. मॅडम प्रत्येकाकडे गेल्या. "काच का बसवली?" दुकानदार म्हणाला, "समोरच्यानं बसवली." समोरच्याकडे गेल्या. तो म्हणाला, "औषधवाल्यानं बसवली, आम्ही काय त्याच्यापेक्षा कमी हाय?" औषधवाल्यानं कोपऱ्यावरच्या कापडवाल्याकडे बोट दाखवलं. कापडवाला डोकं खाजवत म्हणाला, "ट्रक लागून शटर मोडलं हुतं ओ. दुरुस्त हुईस्तोवर काच लावली. मग तशीच ऱ्हायली."

त्या दिवशी मॅडमनी स्वतःच्या पैशानं पेढे आणले. "अक्का, सापडलं! सगळ्या गल्लीच्या काचा एका ट्रकनं बसवल्या." मी पेढा खाल्ला आणि मनात म्हटलं, बाईला नवरा नाही म्हणून असं होतंय.

आता माझं सांगते. मी त्याच सुमारास महिला उद्योजिकांच्या तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते. सासऱ्यांच्या मागं गुऱ्हाळाचं बघायला मी लागले होते, आणि शिबिरात मिळालेली फाईल मी काखेत धरून हिंडत होते. गुऱ्हाळाच्या भिंतीवर मी 'आमचे ध्येय' असा बोर्ड लावला. खाली ध्येय काय लिहायचं ते सुचेना, म्हणून 'उत्कृष्टता' लिहिलं. रोज सकाळी गडीमाणसांना गोल करून बसवायची आणि विचारायची, "काल आपण काय शिकलो?" आमचे गुळवे अण्णा, म्हणजे काहिलीपाशी उभं राहून रसाचा गूळ करणारे, त्यांचा बाप, आजा सगळे गुळवेच. त्यांना मी 'टीम लीडर' म्हणायला लागले. अण्णा पहिल्या दिवशी म्हणाले, "वैनी, रस तापलाय. ह्यो गोल नंतर केला तर चालंल का?" दुसऱ्या दिवसापासून ते गोलात बसायचे, पण तोंड काहिलीकडे करून.

मॅडम एकदा हे बघायला आल्या. मी ऐटीत बोर्ड दाखवला. त्यांनी वही काढून लिहून घेतलं. मला वाटलं, कौतुकानं लिहितायत. पुढे त्यांच्या प्रबंधात तो बोर्ड मी वाचला. कापडवाल्याच्या काचेच्या पुढच्याच पानावर होता.

त्या दिवशी निघताना त्यांनी वाफ्यात निवत घातलेल्या गुळाकडे बघितलं. पिवळाधमक, सोन्यासारखा. आमच्या गुळाच्या रंगाचा मला फार अभिमान. "हा असा का?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे काय? गूळ पिवळाच असतोय."

अण्णांनी डब्याकडे बोट केलं. त्या डब्यात पावडर. उकळत्या रसात मूठभर टाकली की रंग उजळतो. सगळीकडे टाकतात.

"न टाकता काय होतं?"

अण्णा हसले. "मग त्यो गूळ कोण घेणार, मास्तरीणबाई? बाजारात त्याच्याकडं कुत्रं बघणार न्हाय."

मॅडमच्या संशोधनाला तेवढंच हवं होतं. एकाच फडातला ऊस, एकाच दिवशी, दोन आधणं काढायची, म्हणजे दोनदा काहीलभर रस आटवायचा. एकात पावडर, एकात अजिबात नाही. मग लोकांना खायला द्यायचा. आधी डोळे बांधून, मग उघडून. गाईडनं त्यांना दोनदा मुदत वाढवून दिली होती, तिसरी शेवटची होती, आणि प्रबंधात एवढं एकच प्रकरण उरलं होतं. आधणाच्या दिवशी नेमकी कॉलेजात परीक्षा लागली. मॅडम म्हणाल्या, "अक्का, तुमच्यावर सोडते."

पहिलं आधण नेहमीसारखं झालं. दुसरं काहिलीत आलं आणि रंग दिसायला लागला. तपकिरी. तांबूसही म्हणता येणार नाही असा. अण्णा रसाकडे बघेनात, माझ्याकडे बघायला लागले.

"वैनी, ह्ये असलं ध्यान राजारामपुरीत जाणार? आपल्या गुऱ्हाळाचं म्हणून?"

"नाव कुठं लिहिणार हायत त्या, अण्णा? तुकडं करून देणार."

"पर आपल्याला ठावं असणार की. पावणी बाई हाय. पावण्याला काळा गूळ दिला, असं व्हायला नगं."

मी काय करावं? माझ्या भिंतीवर 'उत्कृष्टता' लिहिलेली होती. मी मान फिरवली. माणूस 'टाका' म्हणत नाही, नुसती मान फिरवतो. अण्णांनी एक मूठ टाकली. थोड्या वेळानं आणखी अर्धी.

दोन्ही गूळ पिवळे झाले. दुसरा जरा कमी, एवढंच. मॅडमनी विचारलं, "हा बिनपावडरचाही इतका पिवळा कसा?" मी म्हणाले, "आमच्या मळ्यातला ऊसच तसा." आता आठवलं तरी कान गरम होतात. त्या वेळी मात्र मी ते असं म्हटलं, की मलाच खरं वाटलं.

मग चार दिवस गल्लीच्या तोंडाला टेबल. मॅडमनी आपली एक राखाडी साडी फाडून पट्ट्या शिवल्या होत्या. क्लासची पोरं, दवाखान्यातनं बाहेर पडणारी माणसं, रिक्षावाले, जो सापडेल त्याचे डोळे बांधायचे आणि गूळ चारायचा. एक रिक्षावाला पट्टी बांधून घेताना म्हणाला, "मॅडम, डोळं बांधून गूळ चारताय. फुडं लगीन लावताय का काय?" सगळी गल्ली हसली. मॅडमनी वहीत लिहिलं : 'वय अंदाजे तीस. विनोदी.'

कुणालाच फरक कळेना. डोळे बांधून नाही, उघडून नाही. मॅडम धावतच माझ्या स्वयंपाकघरात आल्या. "अक्का, मी समजत होते त्याच्यापेक्षा मोठं निघालं! पावडर नाही टाकली तरी गूळ पिवळाच होतोय. ती टाकायचं कारणच नाही. सगळे फक्त एकमेकांचं बघून टाकतायत. काचेसारखं!" नऊ वर्षांत त्यांना एवढं आनंदात मी पाहिलं नव्हतं. म्हणजे मी पाहत होते त्या दोन वर्षांत तरी. "हे छापून आलं की मी गुऱ्हाळा-गुऱ्हाळावर जाऊन सांगणार. पावडर फेकून द्या म्हणून."

आणि एक कागद पुढं केला. नमुने सांगितल्याप्रमाणे तयार केले, असं लिहिलेलं. खाली नमुना देणाऱ्याची सही.

मी केली सही. शिबिरात शिकवलेली, शेवटी शेपटी ओढलेली, उद्योजिकेची सही.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी भाजी खारट झाली. मला अण्णांसारखे सगळे गुळवे दिसायला लागले, मॅडमचं ऐकून पावडर सोडणारे, आणि मग बाजारात आपल्या तपकिरी ढेपा घेऊन उभे राहिलेले. आणि मॅडम. कुणीतरी एक दिवस खरोखर बिनपावडरचा गूळ करून त्यांच्या पुढ्यात ठेवणार. नऊ वर्षं त्या एका ढेपेखाली जाणार, आणि ती ढेप मी ठेवलेली असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम जिन्यावरून उतरत होत्या. हातात टाईप केलेलं प्रकरण. मी मधेच उभी राहिले.

"मॅडम, दुसऱ्या आधणात पावडर पडली."

त्या थांबल्या. मला वाटलं, आता घाबरून कानडी बोलणार. तर त्यांनी विचारलं, "किती?"

"एक मूठ."

"कुणाची मूठ? तुमची का अण्णांची?"

"अण्णांची."

"एकच?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"अक्का."

"दीड."

त्या पायरीवर बसल्या. कागद मांडीवर ठेवले. मी रडायला लागले, कारण मला रडणं सोपं जायचं. मॅडम म्हणाल्या, "रडू नका. ऊस आहे का शिल्लक?"

ऊस नव्हता. हंगाम संपला होता. फडात उभा होता तो फक्त बेण्याला राखलेला, पुढच्या लागणीचा. मी आमच्या ह्यांना न विचारता कोयता लावला. हे धावत आले. "बेण्याचा ऊस घाण्याला घालतीस? येडी का खुळी तू?"

"दोन्ही," मी म्हणाले. त्या वर्षी आम्ही बेणं दुसऱ्याकडून आणलं, आणि त्यांनी ते मला दहा वर्षं ऐकवलं.

मॅडम आधी गाईडकडे जाऊन आल्या. खरं काय घडलं ते सांगितलं. गाईड म्हणाले, "राहू द्या ना. निकाल चांगला आहे. गुऱ्हाळावर तपासायला कोण जाणार आहे?" मॅडम म्हणाल्या, "मी." मुदत संपायला सहा दिवस होते.

आणि मग तो दिवस. मॅडम पहाटेच गुऱ्हाळावर हजर. पावडरीशिवायचं आधण पहिलं लावायला सांगितलं. डबा कुठं आहे विचारला, त्याचं झाकण दाबून बसवलं, आणि त्याच्यावर बसल्या. वही मांडीवर, घड्याळ हातात. चुलवाणाची धग अशी, की लांब उभ्या असलेल्या मला घाम फुटला होता. मॅडमच्या राखाडी साडीवर काजळी बसत होती. रंगाला रंग मिळत होता, त्यामुळं कळत नव्हतं.

अण्णांच्या हाताला सवय. मळी काढली, रस फुगला, की हात आपोआप डब्याकडे. तिकडे मॅडम.

"मास्तरीणबाई, जरा सरकता का?"

"नाही."

"नुसता डबा हितनं उचलून ठेवतो."

"उचला. मी त्याच्यासकट."

"गूळ बिघडंल ओ."

"बिघडू द्या."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. या वेळी मी मान फिरवली नाही. अण्णांची ती तगमग बघवत नव्हती. तीस वर्षांचा हात, आणि त्या हातानं स्वतःच्या नजरेला नको असलेली वस्तू करायची. एकदा तर म्हणाले, "वैनी, बाहीर कुणाला उभं करा. कुणी आत येऊन बघाय नगं." मॅडमनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा हात थांबला. मग त्याच्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

काहील उतरली. वाफ्यात तपकिरी गूळ पसरला आणि अण्णांनी त्याच्याकडे पाठ केली. जरा निवल्यावर मॅडम डब्यावरून उठल्या. उठल्या म्हणजे मी दोन्ही हातांनी उठवल्या. पाय मेले होते, डब्याची कड दबली होती. त्यांनी एक खडा मोडला आणि अण्णांच्या पुढं धरला. "डोळे मिटा."

अण्णांनी मिटले. चघळत राहिले.

"माझ्या बाचा गूळ असा हुता," म्हणाले.

"मग पावडर कधी आली?"

"शेजारच्या गुऱ्हाळावर आली, म्हणून."

टेबल पुन्हा गल्लीच्या तोंडाला. या वेळी तपकिरी आणि पिवळा. डोळे बांधलेली माणसं तपकिरीकडे पुन्हा हात करायची. डोळे उघडले की तीच माणसं पिवळा मागायची. सगळ्यात आधी माझे डोळे बांधले. मी खडा तोंडात घातला आणि मोठ्यानं म्हणाले, "हाच! हाच आमचा गूळ. चवीला तोड न्हाय." पट्टी काढली तर समोर तपकिरी. मी म्हणाले, "तुम्ही डावीकडचं उजवीकडं केलं असणार." मॅडमनी लिहिलं : 'वय चव्वेचाळीस. हटवादी.'

हे सगळं होईस्तोवर मुदत टळून चार दिवस झाले. नाव रद्द झालं. मॅडमनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा नाव नोंदवलं, पुन्हा सगळं. दोन वर्षं आणखी गेली. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त प्रबंध झाल्यावर मला वाचायला दिला, आणि शेवटचं प्रकरण उघडून दिलं. त्यात डब्याची सगळी गोष्ट होती, माझी दीड मूठ आणि शेपटी ओढलेली सहीसुद्धा. प्रकरणाचं नाव होतं, 'करणाऱ्याची लाज'. गिऱ्हाईक रंग मागतं हे खरं, असं लिहिलं होतं, पण गिऱ्हाइकानं बघायच्या आधीच करणारा स्वतः लाजून तो रंग घालून मोकळा होतो. गाईड म्हणाले म्हणे, की हेच सगळ्यात चांगलं प्रकरण झालं. मॅडम पुढं निवृत्त होऊन सीमेकडं आपल्या गावी गेल्या. अकरा खोकी आणि चार राखाडी साड्या घेऊन.

मी पावडर सोडली का? लगेच नाही. मला शहाणपण उधारीवर येतं. 'आमचे ध्येय' हा बोर्ड मात्र मी त्याच उन्हाळ्यात काढला. अण्णांनी तो मळी टाकायच्या खड्ड्यावर झाकायला घेतला. पुढं हळूहळू पावडर कमी झाली, आणि मग गेलीच.

आता आमचा गूळ बिनपावडरचा. आणि आता बाजाराची हवा पालटलीय. आता काळा गूळ म्हणजे चांगला. मुलगा गुऱ्हाळ बघतो, खोकी सुंदर करतो, सुतळी बांधतो. गेल्या हंगामात एकदा मी गुऱ्हाळावर गेले तर काहिलीशेजारी नवा निळा प्लॅस्टिकचा डबा.

"ह्यात काय हाय?"

"काय न्हाय गं आई. रंगाची पूड हाय. खायचीच. गिऱ्हाईक म्हणतंय, तुमचा गूळ नुसता तपकिरी दिसतोय, म्हणजे पावडर असणार. काळा पाहिजे म्हणतात. एक मूठ टाकली की नैसर्गिक दिसतोय."

"आपला बिनपावडरचा हाय ना?"

"हाय की."

"मग तो कसाय तसा का द्यायचा नाही?"

"असला द्यायचा? शेजारच्यांचा काळाभोर असतोय, आई. लाज वाटती."

मी डब्याचं झाकण दाबून बघितलं, पदर आवरला आणि बसले.

"आई, ऊठ की. पडशील. प्लॅस्टिक हाय ते, निसटंल."

"आधण उतरायला किती वेळ आहे?"

"अडीच तास."

"मग चहा पाठव."

तो हात जोडून झाला, रागावून झाला, माणसांच्या देखत काय हे म्हणून झाला. मी मोबाईल काढून मॅडमना फोन लावला. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं सगळ्या गुऱ्हाळाला ऐकू जाईल असं सांगावं लागलं.

पलीकडून त्यांनी विचारलं, "किती टाकणार होता?"

"एक मूठ म्हणतोय."

"कुणाची मूठ?"

मी पोराच्या हाताकडे बघितलं. अण्णांपेक्षा मोठा पंजा आहे. त्यानं तो पाठीमागं लपवला.

"मोठी हाय मॅडम."

"मग उठू नका, अक्का," त्या म्हणाल्या.

मधे दोनदा पायाला मुंग्या आल्या. काहील उतरून गूळ वाफ्यात पसरेपर्यंत मी उठले नाही.